ती नक्षी नव्हे, देवाचा चौक आहे!



एरवी मी बोंडअळी, ठिबक, माती परीक्षण असल्या विषयांवर लिहितो. आज भिंतीबद्दल लिहिणार आहे. कृषी खात्यातल्या माणसाला ही उठाठेव कशाला, असे काही जण म्हणतील. पण शेवटपर्यंत वाचा. हा विषय शेतीबाहेरचा नाही. शिवाय यात एक चूक माझ्याच हातून झालेली आहे, आणि तीच तुमच्या गावात होऊ नये म्हणून हा लेख.

शाळेचे कंपाउंड, अंगणवाडी, ग्रामपंचायत, एस. टी. चा थांबा, कुठेही बघा. तांबड्या रंगावर पांढरी काडीकाडीची माणसे, हातात हात घालून गोल नाचणारी. त्यांना वारली चित्रे म्हणतात, हे आता शाळकरी पोरालाही ठाऊक असते. लग्नपत्रिकेवर तीच, चादरीवर तीच, चहाच्या कपावरही तीच. दिसायला सोपी, रंग दोनच, पेंटरला खर्चही कमी. म्हणून भिंत रंगवायची म्हटली की पहिले नाव वारलीचे निघते.

आमच्या तालुक्यातल्या एका गावात तीन वर्षांपूर्वी सार्वजनिक शौचालयाची दर्शनी भिंत रंगवायचे ठरले. सरपंच म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्हाला चित्रातलं कळतं, नमुना तुम्हीच द्या." मला कळते म्हणजे काय, तर माझ्या घरी एक जुने कॅलेंडर होते. त्यातला एक मोठा चौकोन मला आवडला. चारी बाजूंनी बारीक नक्षीची पट्टी, मधे दोन त्रिकोणांची मोठी बाई, आजूबाजूला झाडे. पेंटरने दोन दिवसांत भिंत सजवली. आम्ही फोटो काढले, वर पाठवले, शाबासकीही मिळाली.

पुढच्या हिवाळ्यात जव्हारकडच्या शेतकऱ्यांची सहल आमच्याकडे मोसंबीच्या बागा आणि शेततळी पाहायला आली. सोबत तिकडचाच एक सहकारी होता, जातीने वारली. ग्रामपंचायतीसमोर चहाला थांबलो, समोरच ती भिंत. आलेल्यांपैकी दोन वयस्क बायका तिच्यासमोर थबकल्या, आपसांत काही पुटपुटल्या आणि भिंतीकडे पाठ करून बसल्या. त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. मला वाटले, प्रवासाने थकल्या असतील.

निघताना सहकाऱ्याने मला बाजूला घेतले. आवाज न चढवता म्हणाला, "साहेब, ती मधली बाई कोण आहे ठाऊक आहे का? ती आमची पालघट. देवी आहे. लग्न असल्याशिवाय आम्ही तिला भिंतीवर बोलावत नाही. तुम्ही तिला संडासावर बसवलंत."

माझ्याकडे उत्तर नव्हते. तुमच्याकडे असते का, सांगा.

लग्नाचे आमंत्रण

पण माणूस मोठ्या मनाचा. वैशाखात त्याच्या चुलत बहिणीचे लग्न होते, त्याचे आमंत्रण त्याने दिले. म्हणाला, "या, आणि एकदा डोळ्यांनी बघा." रजा टाकून गेलो. जे पाहिले आणि पुढे विचारून-वाचून समजून घेतले, ते तुम्हाला सांगतो.

वारली समाज मुख्यतः पालघर जिल्ह्यात आहे. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड हे त्यांचे तालुके. २०१४ पर्यंत हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात, दादरा-नगर हवेलीत आणि गुजरातच्या सीमेवरही त्यांची वस्ती आहे. 'वरल' म्हणजे जमिनीचा लहान तुकडा, त्यावरून वारली हे नाव आले, असे सांगतात. खाचरात भात आणि उताराच्या वरकस जमिनीत नागली, वरई ही त्यांची पिके. वैशाखात राब भाजायचा, पावसाच्या तोंडावर त्यावर रोप टाकायचे, आषाढात आवणी, दिवाळीच्या सुमारास कापणी. आपल्या कापूस-मक्याच्या माणसाला हे वेळापत्रक नवे वाटेल. पण आभाळाकडे बघत बसण्यात त्यांच्यात आणि आपल्यात काही फरक नाही.

सुगी झाली, धान्य घरात आले, की मग लग्ने. पीक नाही तर लग्न नाही, आणि लग्न नाही तर चौक नाही.

आधी भिंत

जुने वारली घर म्हणजे कारवीचे कूड. कारवीच्या काठ्या उभ्या ओळीने बांधायच्या, दोन्ही बाजूंनी शेणमाती लिंपायची, वाळली की गेरूचा हात द्यायचा. गेरूच्या तांबड्या जमिनीवर पांढरे उठून दिसते. आपल्याकडेही सणाच्या आधी घरोघरी पोतेरा द्यायची रीत होती. जुन्या माळवदाच्या घरातल्या आजीला विचारा, कुठल्या खाणीची पांढरी माती चांगली, हे ती अजून सांगेल.

आणि आपल्या जिल्ह्याला तर मातीच्या भिंतीचे कौतुक असायलाच हवे. अजिंठ्याची चित्रे कशावर आहेत? दगडावर आधी मातीचा गिलावा, त्यात साळीचा तूस, गवताचे तंतू, शेण कालवलेले. त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग रंग. गेरू तिथेही आहे. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे भाग मिसळलेले होते, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखवले गेले. त्या काळच्या कारागिराला शेतातला काडीकचरा भिंतीला कसा धरून ठेवतो, याची पुरती जाण होती. वारली बाईलाही आहे.

मी गेलो ते घर मात्र घरकुलातले होते. सिमेंटची गुळगुळीत भिंत, वर पत्रा. आता चौक कुठे लिहायचा? पालघटीला सिमेंटवर बसवायचे नाही, असा मुलीच्या आजीचा हट्ट. नुसती शेणमाती लावून पाहिली, ती वाळताना आकसली आणि पापुद्र्यासारखी गळून पडली. गुळगुळीत सिमेंटवर मातीला धरायला काही राहत नाही. शेवटी गवंड्याला बोलावून आतल्या खोलीच्या एका भिंतीला छिन्नीने जवळजवळ टाचे मारून घेतले. पण तेही लगेच नाही. घरकुलाचा शेवटचा हप्ता यायचा होता, पूर्ण घराचा फोटो जायचा होता. फोटो गेला, हप्ता आला, मग नव्याकोऱ्या भिंतीला टाचे पडले. त्यावर तूस घातलेली माती बसली, शेणाने सारवले, गेरू लागला.

शेजारची नवी पोरे हसत होती. म्हणत होती, आज्जी चांगलं घर खराब करते. आजी काही बोलली नाही. हाताने भिंत चाचपून माती वाळली का, ते बघत राहिली.

चित्र काढत नाहीत, लिहितात

वारली माणसे चौक 'काढला' असे म्हणत नाहीत, 'लिहिला' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा. शोभा काढतात, करार, दस्तऐवज, नोंद लिहितात. आपण सातबारा लिहितो तसा हा चौक लिहितात. कुणाच्या घरात, कुणाच्या लग्नाला, कुठले देव साक्षीला आले, त्याची ही नोंद.

लिहिणार कोण? पुरुष नाही आणि पेंटर तर नाहीच. नवरा हयात असलेल्या बायका, त्यांना सवासिनी म्हणतात. तांदूळ कांडून-दळून त्याची पिठी पाण्यात कालवायची. बांबूची काडी घेऊन तिचे टोक दातांनी चावायचे, झाला कुंचा. रंग पांढरा एकच. लग्न लावायचा मानही बाईचाच. तिला धवलेरी म्हणतात, ती गाणी म्हणते, विधी सांगते. गावचा भगत देवांना बोलावतो, तांदळाचे दाणे टाकून कौल बघतो. मी पडवीत बसून दारातून बघत होतो. तिघी सवासिनी भिंतीला नाक टेकेल इतक्या जवळ बसून लिहीत होत्या, आणि धवलेरीचा सूर काही थांबत नव्हता. गाण्यातले मला निम्मेही कळले नाही. मागे बसलेला सहकारी एकेका देवाचे नाव आले की हळूच सांगायचा.

आधी चौकोन आखला जातो. त्याच्या चारी बाजूंनी साखळीसारख्या, वेलीसारख्या नक्षीच्या पट्ट्या. जाणकार सांगतात, वारली चित्रातला गोल आला सूर्य-चंद्रावरून, त्रिकोण डोंगर आणि टोकदार झाडांवरून. चौकोन मात्र निसर्गात सापडत नाही, तो माणसाने आखलेला. तो म्हणजे देवाची राखून ठेवलेली जागा, आणि तोच म्हणजे जमिनीचा तुकडा. बांध घातला की वावर होते. रेघ घातली की देवघर होते. शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

चौकोनाच्या मधोमध पालघट. झाडा-पिकांची, वाढीची, लेकराबाळांची देवी. तिच्या भोवती झाडे, पाने. सूर्य, चंद्र, शिडी, फणी अशा गोष्टी कडेला येतात. माझ्या कॅलेंडरात सगळे हेच होते, पण मला फक्त 'डिझाइन' दिसले होते.

मुंडके नसलेला राखणदार

शेजारी एक लहान चौक लिहिला, तो देवचौक. त्यात पंचशिऱ्या देव. त्याला बघून मी चमकलो. घोड्यावरचा वीर, पण धडाला डोके नाही. मानेतून धान्याचे पाच कोंब वर आलेले. सहकारी म्हणाला, "हा खेतरपाळ. शेताचा राखणदार."

डोके कापले तिथून कणीस उगवले. कापणीचे यापेक्षा खरे चित्र मी कुठल्या कृषी विद्यापीठाच्या पोस्टरवर पाहिलेले नाही. पीक कापले जाते म्हणून घर जगते, आणि कापलेल्यातलेच बी पुढच्या मृगात मातीत जाते. आपण बीजप्रक्रिया, उगवणक्षमता असे शब्द वापरतो. त्यांनी तेच देवाच्या मानेवर लिहिले आहे.

धान्याच्या देवीला ते कणसरी म्हणतात. पावसाचा नारनदेव, गाईची गावतरी, जंगलाच्या वाघाचा वाघदेव. कुठला देव शेतकऱ्याच्या कामाबाहेरचा आहे, सांगा. नवे धान्य देवाला दाखवल्याशिवाय खायचे नाही, हा त्यांचा नेम. आपल्याकडेही नवी ज्वारी आली की पहिले कणीस देवाला जात असे.

चौक पुरा झाला. मग त्याच्यापुढे नवरा-नवरीचे विधी झाले. सहकारी म्हणाला, "चौक नाही तर लग्न नाही. पत्रिका छापली, मंडप घातला, जेवणावळ उठली, तरी नाही."

या चौकापायी वारल्यांनी काय किंमत मोजली, तेही ऐका. लग्नाचा खर्च म्हणजे सावकार-जमीनदाराकडून कर्ज, आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायकोने त्याच्या घरी-शेतात राबायचे. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. कर्ज फिटतच नसे, जन्म जात असे. १९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली उठले आणि वेठबिगार व लग्नगडी पद्धत मोडून काढली. म्हणजे एका चौकापायी माणसे गहाण पडली, पण चौक सोडला नाही. पैशाअभावी लग्नविधी लांबणीवर टाकून संसार करणारी जोडपीही त्या भागात होती आणि आहेत. पोरे मोठी झाल्यावर आई-बापाचे लग्न लागते, पण लागते ते चौकापुढे.

भिंतीवरून कागदावर

मग ही चित्रे कपापर्यंत कशी आली? भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार होते. बिहारमध्ये १९६६-६७ चा दुष्काळ पडला, तेव्हा सरकारच्या हस्तकला मंडळाने त्यांना मिथिलेत पाठवले. भिंतीवर चित्रे काढणाऱ्या बायकांना कागद द्यायचा, म्हणजे चित्र विकून घरात चार पैसे येतील, हा विचार. दुष्काळी कामातच ते धरा. मधुबनी चित्रे तशी बाहेर आली. पुढे १९७० नंतर तेच कुलकर्णी डहाणूकडे आले, आणि वारल्यांच्या हाती कागद आला.

डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे हे त्यातले सगळ्यांत मोठे नाव. बायकांचे काम पुरुषाने हाती घेतले, आणि लग्न नसतानाही रोज चित्र लिहिले, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. त्यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री मिळाली. मे २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या कागदावर आवणी आहे, खळे आहे, मासेमारीचे जाळे आहे, तारप्याभोवती फिरणारा नाच आहे. तारपा म्हणजे दुधी भोपळा आणि बांबू यांचे लांब वाद्य. भिंतीवरून बघून आपण जी गोल नाचणारी माणसे उचलतो, ती या तारप्याच्या नाचातली.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. रोजच्या जगण्याची चित्रे विकायची म्हणून लिहिलेली असतात. ती घ्या, भिंतीवर लावा, त्यात कुणाला वाईट वाटायचे कारण नाही. उलट त्यावर कित्येक घरांची चूल पेटते. पण चौक ही पूजा आहे. त्यातली पालघट देव्हाऱ्यातली आहे.

२०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. मराठवाडा केसर आंब्याला, जालन्याच्या मोसंबीला जे मानांकन आहे, तेच. त्यामुळे तुम्हाला त्याचा अर्थ लगेच कळेल. दुसरीकडचा आंबा 'मराठवाडा केसर' म्हणून खपवला तर तुम्हाला राग येईल की नाही? तसेच शहरातल्या पेंटरने कॅलेंडरावरून उतरवलेली भिंत 'वारली कला' म्हणून बिलात लावली, तर डहाणू-जव्हारच्या माणसालाही येणारच. आम्ही ते बिल तसेच लावले होते.

या बदलात एक गोष्ट मात्र मला खटकते. कागद आला, पैसा आला, आणि नाव बहुतेक पुरुषांचे झाले. भिंतीवर पिढ्यान्‌पिढ्या लिहिणारी सवासिन तशीच बिननावाची राहिली. हल्ली बायकाही कागदावर, कापडावर लिहितात, विकतात, ही चांगली गोष्ट आहे. आपल्याकडे बियाणे जपणाऱ्या बाईचे काय होते, तेच तिथेही झाले. कोथळीतले बी तिने राखायचे आणि सातबारा नवऱ्याच्या नावावर.

सातपुड्यापलीकडे

हे फक्त वारल्यांचेच आहे असेही नाही. नंदुरबारच्या पुढे सातपुडा ओलांडला की गुजरातच्या छोटाउदेपूर भागात राठवा समाज आहे. त्यांच्या घरात ओटीच्या भिंतीवर पिठोरा देवाचे घोडे असतात, चांगले रंगीत. घरात आजारपण आले, गुरे दगावली, पाऊस फिरकला नाही, की नवस बोलतात, आणि नवस फळला की भिंतीवर पिठोरा लिहून घेतात. तिथेही शब्द 'लिहिणे' हाच. पण तिथे लिहिणारे पुरुष, त्यांना लखारा म्हणतात, आणि काही चुकले-राहिले का हे बडवा बघतो. त्या कलेसाठी परेश राठवा यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. मध्य प्रदेशातल्या झाबुआकडच्या भिल्ल चित्रकार भुरीबाई यांना २०२१ साली.

म्हणजे भिंत तीच, शेणमाती तीच, पण एकाचा देव दुसऱ्याच्या भिंतीवर चालत नाही. कन्नड, सोयगाव भागात आपल्याकडे भिल्ल वस्त्या आहेत. अशा गावात आपण शाळेची भिंत रंगवतो ती वारलीने. का, तर 'आदिवासी चित्र' म्हणून. वस्तीवरच्या म्हाताऱ्यांना विचारायला कुणी जात नाही, मीही कधी गेलो नव्हतो. दुसऱ्या विभागाची शिफारस बघून इथे वाण पेरला तर काय होते, ते तुम्हाला ठाऊक आहे. भिंतीचेही तसेच समजा.

परत आल्यावर

गावात आल्यावर मी सरपंचांना सगळे सांगितले. आधी ते हसण्यावारी न्यायला लागले. "भाऊसाहेब, एवढा विचार कोण करतं? तिकडचं कोण बघायला येतंय?" मी म्हटले, "सरपंच, आपल्या तुळजाभवानीचा फोटो तिकडच्या एखाद्या गावाने संडासाच्या दारावर लावला, तर आपण काय करू?" ते गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "चुना मारा."

पेंटर पुन्हा बोलावला, भिंत पांढरी केली. पैसे माझ्या खिशातून गेले, ते जायलाच हवे होते. आता तिथे हात धुवा, झाकण ठेवा एवढेच लिहिलेले आहे. भिंतीचा फोटो सहकाऱ्याला पाठवला. त्याचे उत्तर आले, "आजीला दाखवला. ती म्हणते, आता चहा घेईन."

ते वाचून मला किती हलके वाटले, ते सांगता येत नाही.

गावकारभाऱ्यांनी एवढे करावे

खात्याच्या सवयीने शिफारशी दिल्याशिवाय माझा लेख संपत नाही. त्या अशा :

१) शाळा, अंगणवाडी, पंचायतीच्या भिंतीवर वारली चित्र हवे असेल, तर शेती, नाच, झाडे, गुरे, पक्षी असे विषय घ्या. चौकटीतली देवी आणि बिनमुंडक्याचा घोडेस्वार घेऊ नका. पेंटरला हे आधी सांगा, कारण त्यालाही ते ठाऊक नसते.

२) शौचालय, कचराकुंडी, गटाराची भिंत, जिथे थुंकले जाते असा जिना, इथे कुठल्याच समाजाचे देवाधर्माचे चित्र नको. लोक थुंकू नयेत म्हणून देवाच्या फरशा बसवायची आपली युक्तीही सोडून द्या.

३) निधी बरा असेल तर वारली कलाकारालाच बोलावा. येण्या-जाण्याचा खर्च आणि मजुरी ठरवून द्या, आणि भिंतीच्या कोपऱ्यात त्याचे किंवा तिचे नाव लिहा. पेंटरच्या मोबाइल नंबरला जागा होते, तर कलाकाराच्या नावाला का नको?

४) गावात भिल्ल किंवा इतर आदिवासी वस्ती असेल, तर आधी तिथे जाऊन बसा. त्यांच्या घरात सणाला, लग्नाला, नवसाला भिंतीवर काय लिहितात, ते तिथल्या बायकांना विचारा. दाखवायचे की नाही हे त्यांनी ठरवायचे. नको म्हणाल्या तर तो विषय तिथेच संपवा.

५) घरकुल बांधताना एखाद्या कुटुंबाला आतली एक भिंत गिलावा न करता खरबरीत ठेवायची असेल, तर 'काम अपूर्ण' असा शेरा मारण्याआधी विचारून घ्या. गुळगुळीत सिमेंटवर माती बसवायचीच असेल तर टाचे जवळजवळ मारा, भिंत आधी ओली करा, मातीत तूस किंवा बारीक भुस्सा मिसळा आणि एकदम जाड थर न देता दोन पातळ हात द्या. पहिला वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका.

आणि आपल्या घरात?

शेवटी तुम्हा शेतकरी घरांसाठी. वारल्यांची भिंत बघून मला आमच्या गावची भिंत आठवली. नागपंचमीला आई भिंतीवर नाग लिहायची. पोळ्याला गोठ्याच्या भिंतीला गेरू लागायचा. दिवाळीत अंगणात शेणाचे पांडव. लग्नघराच्या दाराशी गणपती, कलश, दोन्ही बाजूंना भालदार-चोपदार. आता नागाचा छापील कागद दुकानात मिळतो आणि लग्नघराला फ्लेक्स लागतो. त्यात कुणाचा दोष आहे असे नाही. वेळ नाही, भिंत मातीची नाही, आणि लिहिणारे हात थकले आहेत.

त्या वैशाखातल्या लग्नानंतर दोन महिन्यांनी मी सहकाऱ्याला सहज विचारले, चौक अजून आहे का? तो म्हणाला, "पिठी आहे ती, साहेब. मुंग्या खातात, ओल खाते. पुढच्या लग्नाला पुन्हा लिहू." टिकवण्यासाठी तो लिहिलेलाच नव्हता. दरवर्षी पेरणी करतो तसे ते दर लग्नाला नव्याने लिहितात. म्हणून पिठी पुसली गेली तरी चालते, फक्त लिहिणारी बाई घरात हवी.

मागच्या नागपंचमीला मी गावी गेलो आणि आईला म्हटले, यंदा कागद नको. घराची भिंत ऑइलपेंटची आहे, म्हणून तिने गोठ्याची निवडली. हात थरथरत होता, नाग थोडा वाकडा झाला. शेजारी बसून माझ्या मुलीने दुसरा लिहिला.

तुमच्या घरातही कुणी आजी, आत्या, मावशी असेल, जिला हे येते. नागपंचमी आणि पोळा पावसाळ्यात आहेत, त्याच्या आत विचारून घ्या. कुठला नाग कसा, गेरूचा पट्टा कुठून कुठवर, कोण लिहिते आणि कोणी लिहायचे नसते. पोराच्या शाळेच्या वहीत उतरवून घ्या. आणि एक कोपरा मातीने सारवून तिला द्या.